आजार प्रवाळाचा, दोष पाण्याचा

पेढीवरची विक्री एकाएकी घटली की जाणता व्यापारी आधी रोजमेळ उघडतो. कोणते गिऱ्हाईक तुटले, कोणता माल पडून राहिला, भाव कधी बदलला, हे पाहिल्यावाचून तो नोकराला बोल लावत नाही आणि दुकानाची मांडणीही बदलत नाही. घरातील एका नाजूक जिवाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण बहुधा विसरले जाते. तो जीव म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतील प्रवाळ.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील काही दिवाणखान्यांत रंगीत माशांच्या जोडीला आता प्रवाळाच्या पेट्याही दिसतात. हौस महाग आहे. पण खर्चापेक्षा मोठी गोष्ट अशी, की या पेटीतील प्रत्येक जीव सर्वस्वी घरातल्या माणसांवर अवलंबून असतो. काल फुललेले प्रवाळ आज मिटून बसले की घरात धावपळ उडते. कोणी बाटलीतले औषध ओततो, कोणी निम्मे पाणी बदलतो, कोणी दिवा वाढवतो. तीनही उपाय एकाच संध्याकाळी झाले, तर मुळात साधे असलेले दुखणे जिवावर बेतू शकते. म्हणून उपचारापेक्षा निदानाचा विचार आधी करणे योग्य ठरेल.

प्रवाळ दिसते वनस्पतीसारखे, परंतु ते प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य इवले जीव एकत्र राहून त्याची वसाहत बनते. काचपेटीत ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल प्रकाशातून अन्न तयार करते आणि त्यातील मोठा हिस्सा यजमानाला देते. प्रवाळ त्याला आसरा देते. ही भागीदारी पाण्याच्या स्थैर्यावर उभी आहे. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकदम प्रखर झाला, की प्रवाळ आपल्या भागीदाराला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. समुद्रातही उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश अधिक असलेले पाणी काही आठवडे टिकले, तरी एवढे पुरते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. जेथे अथांग सागरात एका अंशाने हा परिणाम होतो, तेथे दोनशे लिटरच्या पेटीची कथा काय सांगावी?

मुंबईच्या स्वतःच्या किनाऱ्यावरही प्रवाळे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सागरी किनारा मार्गाचे काम सुरू असताना हाजी अली आणि वरळी येथील खडकांवर प्रवाळाच्या लहान वसाहती आढळल्या. गोव्यातील दोनापावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडे हे काम सोपवण्यात आले. वन विभागाची परवानगी मिळाल्यावर, नोव्हेंबर २०२० मध्ये १८ वसाहती हलवण्यात आल्या. त्यांतील काहींना कुलाब्याच्या नेव्हीनगरचा किनारा मिळाला.

अशा स्थलांतराची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी पाहणी होते. मग भरती-ओहोटी, खोली, गढूळपणा आणि लाटांचा जोर या बाबतींत जुन्या जागेशी जुळणारी नवी जागा शोधली जाते. वसाहत शक्यतो तिच्या दगडासकट उचलतात, समुद्राच्याच पाण्यात ओली ठेवून नेतात, नव्या खडकावर घट्ट बसवतात आणि त्यानंतर दीर्घकाळ तिच्यावर लक्ष ठेवतात. प्रत्यक्ष हात लावण्याचे काम सर्वांत थोडे असते. बाकी सारे पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे. घरच्या पेटीतील आजारी प्रवाळालाही हीच रीत लागू पडते.

त्या मूठभर वसाहतींसाठी परवानगी का लागली, हेही जाणून घ्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघही याच अनुसूचीत आहे. किनाऱ्यावरून तुकडा तोडून आणणे किंवा शोभेसाठी त्याचा सांगाडा विकत घेणे हा साधासुधा छंद राहत नाही. तो गुन्हा होतो. लेदर, मशरूम, झोअँथिड अशी बाजारात मऊ प्रवाळे म्हणून ओळखली जाणारी नावे वरील पाच प्रकारांत येत नाहीत. तरीही खरेदीच्या वेळी पक्के बिल आणि आयातीचे कागद मागावेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी प्राण्यांच्या काही जातींची नोंदणीही बंधनकारक झाली आहे. शंका असल्यास वन विभागाकडे विचारणा करावी. जो विक्रेता बिल देण्यास कुरकुरतो, त्याचा माल स्वस्त असला तरी घरी आणू नये. पुढील विवेचन म्हणूनच मऊ प्रवाळांपुरते आहे.

निदानाचा पहिला प्रश्न असा, की हा आजार आहे तरी का? लेदर प्रवाळ मधूनमधून काही दिवस पूर्ण मिटते, त्याच्या अंगावर मेणासारखी चकाकी येते आणि नंतर एक पातळ पापुद्रा सुटून जातो. ही त्याची अंग स्वच्छ करण्याची स्वाभाविक क्रिया आहे. तेवढ्या काळात पाण्याचा प्रवाह जरा अंगावरून जाईल असे पाहावे, जेणेकरून पापुद्रा अडकून राहणार नाही. बाकी काही करू नये. झोअँथिड हात लागल्यावर, जागा बदलल्यावर किंवा एखादा मासा सतत टोचत असल्यास मिटतात. पुष्कळ प्रवाळे दिवा मालवल्यावर आक्रसतात आणि सकाळी पुन्हा उमलतात. यांतील एकालाही औषध लागत नाही.

काही खुणा मात्र गंभीर असतात. रंग फिका पडत पांढुरका होणे म्हणजे प्रकाश किंवा उष्णता अती झाली आहे. क्वचित पाण्यात पोषक द्रव्ये अगदीच नाहीत, असाही त्याचा अर्थ असतो. रंग मळकट तपकिरी होत जाणे हे पोषक द्रव्ये वाढल्याचे किंवा प्रकाश अपुरा असल्याचे चिन्ह आहे. देठ लांबवून प्रवाळ दिव्याकडे ताणले जात असेल, तर त्याला उजेड कमी पडतो. अंगाचा भाग काळपट होऊन विरघळू लागला, त्यावर चिकट तपकिरी थर आला आणि कुजका वास सुटला, तर ऊती मरत आहेत. पहिल्या तीन खुणांत आठवड्यांची सवड असते. शेवटच्या खुणेत तासांची.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आजारी एकच आहे, की सगळीच? पेटीतील इतर प्रवाळे, गोगलगायी आणि मासे नीट असतील, तर दोष बहुधा त्या एका जागेत असतो. तेथे प्रवाह फार जोरात किंवा फार मंद असेल, शेजारचे प्रवाळ रात्री लांब तंतू काढून त्याला भाजत असेल, किंवा कीड लागली असेल. दिवे मालवल्यावर तासाभराने विजेरी घेऊन पाहावे. झोअँथिडवर त्यांच्याच रंगाच्या बारीक समुद्री गोगलगायी दबा धरून बसलेल्या दिवसा दिसत नाहीत. सगळेच जीव मलूल असतील, तर एकेकाची नाडी पाहण्यात अर्थ नाही. दोष पाण्यात आहे.

पाणी तपासताना आधी मोजमापाचे साधन तपासावे. चुकीच्या तराजूवर तोललेला माल कितीही वेळा तोलला तरी चूकच येते. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर त्याच्यासाठी मिळणाऱ्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. टेस्ट किटची मुदत पाहावी. धक्कादायक आकडा आला तर दुसऱ्या किटवर पडताळावा आणि मगच विश्वास ठेवावा. सर्वसाधारण मर्यादा पुढीलप्रमाणे असाव्यात. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस. खारेपणा लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. पीएच ८.० ते ८.४. अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट अल्प, पण शून्य नव्हे. मर्यादेत बसणारा आकडा रोज डोलत असेल, तर तो किंचित बाहेरच्या पण स्थिर आकड्यापेक्षा अधिक घातक असतो.

खारेपणाचे गणित व्यापारी घरांत सहज समजेल. १०० लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम याप्रमाणे ३,५०० ग्रॅम मीठ आहे. उन्हाळ्यात १० लिटर पाण्याची वाफ झाली. वाफेबरोबर मीठ जात नाही, त्यामुळे उरलेल्या ९० लिटरमध्ये तेच ३,५०० ग्रॅम राहिले आणि खारेपणा ३९ च्या आसपास गेला. आता ती तूट कोणी खाऱ्या पाण्याने भरून काढली, तर आणखी ३५० ग्रॅम जमा झाले आणि आकडा ३८.५ वर स्थिरावला. हीच चूक दुसऱ्यांदा झाली की तो ४२ होतो. पाण्याची पातळी रोज बरोबर दिसते, म्हणून संशयही येत नाही. वाफेची तूट नेहमी आरओचे गोडे पाणी घालून, रोज थोडी थोडी भरावी; खारे पाणी फक्त पाणी बदलतानाच वापरावे.

दक्षिण आणि मध्य मुंबईत काही कारणे या शहराची म्हणून वेगळी पाहावी लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते थेट पेटीत जाऊ नये. गिरगाव चौपाटीवरून किंवा दादरच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून आणलेले समुद्राचे पाणी फुकट मिळते, परंतु त्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा घसरतो. पेटीसाठी तयार मीठ आरओच्या पाण्यात आदल्या दिवशी कालवून ठेवणेच हितकर. मे महिन्यात पाण्यावर पंखा सोडला तर तापमान दोनेक अंशांनी उतरू शकते, पण त्याने वाफ वाढते. आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्या पंख्याचा उपयोग कमी होतो. ज्या घरात चिलरचा खर्च झेपत नाही, त्या घराने प्रवाळ न ठेवणे अधिक चांगले.

हवेतून येणारे विषही ध्यानात घ्यावे. जुन्या इमारतींत झुरळांसाठी औषधफवारणी होते, सणासुदीला रंगकाम निघते, धूप-अगरबत्तीचा धूर दिवाणखान्यात कोंडतो. पेटीतला पंप आणि स्किमर तीच हवा पाण्यात घुसळतात. सगळे प्रवाळ एकाच दिवशी मिटले आणि पाण्याचे आकडे मात्र ठीक आले, तर मागच्या दोन दिवसांत घरात काय घडले ते आठवावे. फवारणीच्या दिवशी पेटी झाकावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाकावा. माशांच्या त्वचारोगावर मिळणाऱ्या काही औषधांत तांबे असते. माशाला ते तारते, प्रवाळाला मारते. शिवाय पेटीतील दगड ते शोषून घेऊन पुढे बराच काळ सोडत राहतात. मासा आजारी असेल तर त्याला वेगळ्या भांड्यात नेऊनच औषध द्यावे.

विजेचा भरवसा या शहरात मोठा. तथापि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा काही तास कोलमडला होता. पंप थांबला की पाणी हलत नाही आणि प्राणवायू घटत जातो. दिवा बंद राहिल्याने काही तासांत प्रवाळाचे फारसे बिघडत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरात असावा आणि त्याचे सेल वर्षातून दोनदा बदलावेत.

कारण हाती लागल्यावर उपचाराची पाळी येते. पाणी दोषी असेल तर दहा ते पंधरा टक्के बदलावे. नव्या पाण्याचे तापमान आणि खारेपणा पेटीतल्या पाण्याशी जुळलेला असावा. नायट्रेट ४० असताना एक दशांश पाणी बदलले तर ते ३६ होते, पुन्हा बदलल्यावर सुमारे ३२. म्हणजे उतार हळू येतो आणि तो तसाच यावा. अल्कलिनिटी दिवसाला एक डीकेएचपेक्षा अधिक हलवू नये. वाढलेला खारेपणाही काही दिवस घेऊन उतरवावा. प्रकाश अती झाला असेल तर प्रवाळ खाली सरकवावे किंवा दिव्याची तीव्रता घटवावी. शेजारी भाजत असेल तर अंतर वाढवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तापला-बिघडला अशा धोक्याचा नसेल, तर पुढचा बदल करण्यापूर्वी तीन-चार दिवस थांबावे. अन्यथा गुण कशाने आला किंवा अवगुण कशाने झाला, हे कधीच कळत नाही.

कुजण्याची क्रिया सुरू झाली असेल तर थांबणे योग्य नाही. ते प्रवाळ त्याच दिवशी वेगळ्या भांड्यातील त्याच पाण्यात घ्यावे, मेलेला भाग नळीने ओढून काढावा आणि गरज पडल्यास निरोगी ऊतीच्या आतून स्वच्छ, धारदार पात्याने कापून टाकावा. प्रवाळांसाठी मिळणाऱ्या आयोडीनयुक्त द्रावणात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ बुडवून, पेटीतल्याच पाण्याने धुऊन ते हलक्या प्रवाहाच्या जागी ठेवावे. ते द्रावण पुन्हा पेटीत ओतू नये. मऊ प्रवाळांची जीवनशक्ती मोठी असते. लेदरचा निरोगी तुकडा दगडाला धरून नव्याने वाढू शकतो.

येथे एक इशारा गांभीर्याने घ्यावा. झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ या प्रकारांतील काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नये. लहान मुले तेव्हा खोलीत नसावीत. ज्या दगडावर ही प्रवाळे वाढली तो दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नये आणि त्यावर गरम पाणीही ओतू नये. त्या वाफेने घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. काम करताना ताप, श्वासाचा त्रास किंवा डोळ्यांची जळजळ जाणवली, तर डॉक्टरांना प्रवाळाचे नाव सांगून लगेच उपचार घ्यावेत.

या साऱ्याचा आधार एक साधी वही आहे. तारीख, तापमान, खारेपणा, किती पाणी घातले, नवे काय आणले, घरात काय फवारले, एवढे पाच-सहा रकाने पुरेत. दोन मिनिटांचे हे काम घरातील शाळकरी मुलेही करू शकतात आणि त्यांना ते आवडते. सहा महिन्यांनी प्रवाळ आजारी पडेल तेव्हा ही वही कोणत्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडेल, कारण त्या पेटीचा इतिहास दुसऱ्या कोणाकडेही नसतो.

पेटी सांभाळणे जमेनासे झाले म्हणजे काही कुटुंबे दयाबुद्धीने त्यातील जीव समुद्रात सोडतात. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. परदेशी पाण्यातून आलेला जीव मुंबईच्या गढूळ पाण्यात बहुधा तगत नाही. आणि तगलाच तर तो आपल्याबरोबर आणलेले रोग व कीड हाजी अली-वरळीच्या मूळ रहिवाशांना देऊ शकतो. अशा वेळी पेटी चालवणाऱ्या दुसऱ्या जाणत्या माणसाच्या स्वाधीन ती प्रवाळे करावीत. मेलेले प्रवाळ पेटीत कुजत ठेवू नये, कारण त्याने उरलेल्यांचे पाणी बिघडते.

जैन कुटुंबांपुढे याहून आधीचा एक प्रश्न असतो. शैवालाच्या भागीदारीवर जगणाऱ्या मऊ प्रवाळांचे मुख्यतः प्रकाशावर भागते, परंतु त्यांच्या सोबतच्या अनेक माशांना गोठवलेले कोळंबीसारखे जीव खाऊ घालावे लागतात. तेव्हा पेटी घेण्याचे ठरवण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांसह बसून तिच्यात कोण राहील आणि ते काय खाईल, याचा निर्णय करावा. शैवाल खाणारे थोडे मासे आणि प्रकाशावर जगणारी प्रवाळे एवढ्यावर समाधान मानता येते. तेही मनाला पटत नसेल, तर पेटी न घेण्यात कमीपणा नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला हाजी अलीच्या किंवा वरळीच्या खडकांपाशी जाणकाराबरोबर सावधपणे गेल्यास, उथळ पाण्यात झोअँथिडचे गालिचे आणि क्वचित एखादे लहानसे प्रवाळही पाहायला मिळते. मुलांना ते दाखवावे, हात लावू देऊ नये आणि भरती सुरू होण्यापूर्वी परत फिरावे.